फक्कीची भिंत

साहेबांच्या ऑफिसात खुर्ची होती. चांगली फिरती, उंच पाठीची. पण त्या खुर्चीवर ते बसलेले मी कधी पाहिले नाहीत. तिच्यावर फक्कीची गोणी बसलेली असायची. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर रेषा मारतात ती पांढरी भुकटी. कोणी नवखा माणूस आला की आधी गोणीकडे बघायचा, मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या साहेबांकडे, आणि यातले वनपरिक्षेत्र अधिकारी कोण, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटायचा. साहेबांना त्याचं काही नव्हतं. "गोनी बसते तं बसू द्या," ते म्हणायचे. "मानूस बसला की त्याले कोनी तरी उठवतेच. त्यापरीस उभंच राहा."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बदल्यांबद्दल बोलतायत असं मला वाटलं. सरकारी नोकरीत माणूस जरा टेकला की बदलीचा कागद येतो, हे आमच्या यवतमाळात शेंबडं पोरही सांगेल. या वाक्याच्या पोटात आणखी काही आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी आर्किटेक्ट. यवतमाळला माझं छोटंसं ऑफिस आहे, खाली मेडिकल आणि वर मी. घाटंजीच्या पुढे जिथे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं संपून सागाचं जंगल सुरू होतं, तिथल्या अभयारण्याच्या तोंडाशी एक केंद्र बांधायचं होतं. जंगल बघायला येणाऱ्याने आधी तिथे यावं, तिकीट काढावं, जंगलाविषयी चार गोष्टी वाचाव्यात आणि मग आत जावं. नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी एक हॉल, दोन-तीन खोल्या, व्हरांडा, संडास असा सरळ नकाशा काढून घेऊन गेले. साहेबांनी गुंडाळी न सोडताच ती काखेत मारली आणि म्हणाले, "चला."

"कुठे?"

"तुमच्या बिल्डिंगीत."

जीप थेट जंगलातल्या तलावावर गेली. उतरल्या उतरल्या त्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि तळाला खिळ्याने भोकं पाडलेल्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यातून फक्की सोडत सोडत माझा अख्खा नकाशा जमिनीवर खऱ्या मापात काढला. खोल्या, हॉल, व्हरांडा, सगळं. मी काठावर उभी राहून बघत होते. मला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून मी सरळ त्यांच्याकडे चालत गेले.

"मॅडम, भिंतीतून काहून येऊन राह्यल्या?"

मी पायांकडे पाहिलं. चपलेला फक्की लागली होती.

"दरवाजा तिकून हाये," ते म्हणाले, आणि मी वळसा घालून दरवाजातून येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे या गोष्टीची सवय झाली. कंत्राटदार असो, गार्ड असो, तालुक्याचा कोणी पुढारी असो, साहेबांच्या रेषेवरून पाय टाकायची सोय नव्हती. स्वतः ते एकटे असले, हातात गोणी असली, तरी पांढऱ्या रेषांमधली ती फट शोधून तिच्यातूनच आत जात. एकदा एक शेळी हॉलच्या भिंतीतून आत शिरली आणि व्हरांड्यातून बाहेर पडली, तेव्हा गार्ड माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. साहेब म्हणाले, "बकरीले माफ. तिले नकाशा समजत नाही." कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. कागदावरची भिंत कोणालाच आडवी येत नाही, त्यामुळे कागदावर माणूस वाट्टेल ते बांधतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे ते माझ्या तोंडावर म्हणत आणि वर मलाच विचारत, "खरं हाये का नाई?"

तलावाकाठच्या त्या हॉलमध्ये आम्ही अख्खी दुपार काढली. म्हणजे मी जमिनीवर बसले आणि ते खोलीखोलीतून फिरत राहिले. उन्हं उतरताना पलीकडच्या झाडीतून एक रोही बाहेर आला. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. आम्हाला बघून तो थबकला, मान उंच करून उभा राहिला आणि पाणी न पिता माघारी गेला. साहेबांनी खुंट्या उपटल्या. "आपन पाहाले आलो आन् त्याचं पानी तोडलं," एवढंच म्हणाले. माझा पश्चिमेकडे तोंड केलेला व्हरांडा तिथेच निकालात निघाला. मी चिडले होते. तसा व्हरांडा मला आयुष्यात परत काढता आला नाही.

दुसरी जागा मोहाच्या झाडांखाली. तिथेही फक्की पडली. सकाळी फुलं वेचायला आलेल्या बायांना साहेबांनी विचारलं, "इथं बिल्डिंग झाली तं?" टोपलीवरून मान वर न करता एक म्हातारी म्हणाली, "मंग फुलं छपरावर पडतीन, बापा. तुमीच वेचजा." साहेब पोट धरून हसले आणि ती जागाही गेली. नकाशा बदलायचा, फक्की मारायची, पुसायची, असं ते चाललं होतं. त्यांच्या नादाने मलाही कुठे स्वस्थ बसवेना. घरी मी जेवणाचं टेबल या भिंतीचं त्या भिंतीला लावू लागले. त्यांची बायको दिग्रसला असायची. एकदा फोनवर ती मला म्हणाली, "ते घरी आले की आंधी पलंग सरकवतेत. मी तं आता पलंगाखाली झाडतच नाही, ते आले की झाडून घेते."

या माणसाला एका शब्दाचं वेड होतं. फायलीवर आधी 'पर्यटक सुविधा केंद्र' असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते खोडून स्वतःच्या हाताने 'अभ्यागत केंद्र' केलं. मी म्हटलं, "फार जड होतंय, सर."

"पर्यटक म्हंजे पैसे टाकून पाहनारा," ते म्हणाले. "अभ्यागत म्हंजे आपल्या दारी आलेला. त्याले आंधी पानी विचारा लागते, तिकीट मंग." आणि खरोखरच त्यांनी दरवाजाच्या आत, तिकिटाच्या खिडकीच्याही आधी, रांजणाची जागा आखायला लावली. मी कूलर सुचवला. कूलरकडे माणूस आपला आपण जातो, रांजणातलं पाणी कोणीतरी द्यावं लागतं, म्हणून रांजणच.

त्यांच्या क्लार्कनं शंका काढली होती. "साहेब, अभ्यागत लोकायले समजन का?"

"नाई समजलं तं इचारतीन," साहेब म्हणाले.

कोणी विचारलं नाही, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

तिसरी जागा जंगलाच्या बाहेर होती, फाटकाला लागून. ती गावाची ई-क्लास, म्हणजे सगळ्यांच्या मालकीची आणि त्यामुळे कोणाचीच नसलेली मोकळी जमीन. ती मिळायची तर ग्रामसभेचा ठराव पाहिजे. मोबाइलच्या टॉवरला गावाने ती दिली नव्हती. आमदारांच्या सभागृहालाही दिली नव्हती. आम्ही जीव मुठीत धरून गेलो. ग्रामसेवकाने ठराव वाचला आणि बघता बघता सगळे हात वर. बायांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचबाईंनी साहेबांच्या हातात नारळ दिला. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आता बसतात असं मला वाटलं, पण नाही बसले.

दोन दिवसांनी त्या जागेवर फक्की मारायला सुरुवात झाली तेव्हा गावातल्या पाच-सहा पोरी बघायला आल्या. प्रज्ञा नावाची पोरगी त्यांच्या पुढे होती. बी.ए. झालेली, वनरक्षक भरतीची तयारी करत होती, सकाळी याच रस्त्यावर पळायची. एव्हाना साहेबांचा नियम गावभर झाला होता, त्यामुळे चपला बाहेर काढून पोरी शिस्तीत दरवाजातून आत आल्या. प्रज्ञा हॉलमध्ये उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, खिडक्या कोनीकडून येतीन? उजेड चांगला पाह्यजे."

"येतीन ना, मोठ्या खिडक्या येतीन. जंगल दिसलं पाह्यजे."

"जंगल तं दिसतेच, सर. पन टेबलं कोठी येतीन?"

"कायची टेबलं?"

"अभ्यासाची," प्रज्ञा म्हणाली. "अभ्यास केंद्रात टेबल नाई तं कसं?"

साहेब थांबले. त्यांच्या हातातल्या डब्यातून फक्की गळत राहिली आणि एकाच जागी तिचा ढीग होत गेला. या माणसाला मी इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"अभ्यास केंद्र कोन म्हनलं?"

"ग्रामसभेत वाचलं ना. सारं गाव म्हनून राह्यलं." ती हसली. "माह्या मायनं तं हात वर केला, तो खालीच घेत नव्हती."

गावाचा कान कशासाठी टवकारलेला होता, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, लहान पोरं, शेळ्या, आल्यागेल्याचा चहा. अभ्यासिका घाटंजीला, आणि पोरींनी शेवटच्या एसटीच्या आत परत यायचं. अशा गावात 'अभ्या' एवढं जरी कोणी उच्चारलं, तरी पुढचं अक्षर लोक आपल्या मनाने लावणार. अभ्यागत कोणी ऐकलाच नव्हता. सगळ्यांनी अभ्यास ऐकला आणि जमीन दिली.

परत येताना जीपमध्ये मी त्यांना सांगितलं की ठरावातला शब्द स्पष्ट आहे, सह्या झाल्यात, आणि मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल. लोकांना नंतर समजावता येईल. हा सल्ला मला आजही व्यवहाराला धरून वाटतो.

"शब्द माहा होता, मॅडम," ते म्हणाले. "म्या हौशीनं घातला."

मग ते आपण होऊन बोलू लागले. बाप दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरी पुस्तक उघडायला जागा नाही, म्हणून पोरगा एसटी स्टँडवर जायचा. बाकावर बसून वाचायला लागलं की पुसदची गाडी लागायच्या वेळी बायाबापड्या सामान घेऊन येत. "सरक ना, पोट्ट्या." सरकायचं. मग यवतमाळवाले येत. "ऊठ ना बाबू, म्हातारीले बसू दे." उठायचं. शेवटी त्याने बसायचाच नाद सोडला. वेळापत्रकाच्या फळ्याखाली ट्यूबलाइट होती, तिथे उभं राहून वाचायचं. "उभ्यानंच पास झालो," साहेब म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही. गोणीला खुर्ची का दिली होती ते मला त्या जीपमध्ये कळलं.

त्यांनी ग्रामसभा परत बोलवायला लावली. उभे राहिले आणि सरळ सांगितलं की हे अभ्यास केंद्र नाही, जंगल पाहायला येणाऱ्यांचं केंद्र आहे, शब्द मी घातला होता आणि तुमची फसगत झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "फसगत झाली का केली?" साहेबांनी त्यावर काही बचाव केला नाही. "जागा वापस घ्याची असन तं घ्या," ते म्हणाले. "म्या लिहून देतो."

मग प्रज्ञाची आई उठली. ही बाई मजुरीला जायची, सभेत कधी बोललेली कोणाला आठवत नव्हती. "जागा कायले वापस घ्याची?" ती म्हणाली. "तुमचे पाव्हने बी येऊ द्या. पोरीईले एक खोली द्या."

"देतो म्हनून मले सांगता येत नाही, बाई," साहेब म्हणाले. "मांगतो, एवढं सांगतो."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते फक्त धावपळीचे. मी नकाशा परत काढला. उत्तरेकडच्या बाजूला एक खोली, मोठ्या खिडक्या, भिंतीला लागून लांब टेबलं. साहेब रोज फोन करायचे. खिडकी थोडी खाली घ्या, बसल्यावर उजेड पुस्तकावर पडला पाहिजे. दार हॉलमध्ये नको, बाहेरून द्या, पाहुण्यांच्या गर्दीतून पोरींना जावं लागू नये. नकाशा वर गेला. परत आला तेव्हा त्या खोलीवर लाल फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं 'विक्री दालन'. वाघाचे टी-शर्ट, कप, टोप्या. अंतिम निर्णयासाठी मोठे साहेब स्वतः जागा बघायला येणार होते. त्या कागदाच्या मागोमाग दुसरा कागद आला. साहेबांची बदली, धारणीकडे, ताबडतोब.

"म्या तं बसलो बी नव्हतो, मॅडम," ते मला म्हणाले. हे बोलतानाही ते ऑफिसात येरझारा घालत होते, पण आवाज बसला होता.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ई-क्लासवर सगळी इमारत नव्याने मारली. पोरींच्या खोलीच्या खिडक्या कुठे येतात तिथे रेष तुटक ठेवली. मग तो भोकं पाडलेला डबा प्रज्ञाच्या हातात दिला. "पुसली तं परत मारजा. आन् खोली हाये असं समजून बसत जा."

ते गेले. नव्या साहेबांनी पहिल्या दिवशी खुर्चीवरची गोणी बघून हे भांडार आहे का असं विचारलं, असं क्लार्कनं मला सांगितलं. तो हसत होता, पण त्यालाही करमत नव्हतं.

मोठे साहेब आले त्या दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन मी आधीच पोचले होते. कडुनिंबाची सावली त्या खोलीच्या अर्ध्या भागावर पडली होती आणि सावलीत पोरी पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. बाहेरून द्यायला सांगितलेल्या त्या दारासमोर, जिथे दार नव्हतं, चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. मुख्य दरवाजाच्या आत, रांजणाच्या जागेवर, कोणाच्या तरी आईने माठ आणून ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे लोक हसतील, मग चिडतील, आणि खोली कायमची जाईल, असं मला वाटलं.

गाड्या थांबल्या. मोठे साहेब उतरले आणि फोनवर बोलत बोलत सरळ पोरींच्या खोलीकडे निघाले. त्यांच्या मागे सगळे. बुटाखाली पहिली भिंत गेली, दुसरी गेली.

प्रज्ञाने पुस्तकातून मान वर केली.

"सर, भिंतीतून काहून येऊन राह्यले? दरवाजा तिकून हाये."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. घरात कोणी चुकीच्या बाजूने आलं तर सांगावं तसं तिने सांगितलं. मोठ्या साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला, बुटांकडे पाहिलं. बूट पांढरे झाले होते. नवे साहेब काहीतरी बोलायला पुढे झाले, तेवढ्यात मोठे साहेब वळले आणि आल्या वाटेने परत गेले. पूर्ण वळसा घालून ते मुख्य दरवाजाशी आले आणि त्यांच्या मागे सगळा लवाजमा त्या फटीतून एकेक करून आत शिरला. प्रज्ञा तोवर उठून माठापाशी गेली होती.

"पानी घेता, सर?"

ते उभ्या उभ्या ग्लासभर पाणी प्यायले. मग त्याच दरवाजाने बाहेर पडून पोरींच्या खोलीच्या दारापर्यंत आले, चपलांकडे बघितलं आणि बूट काढले.

"ही खोली कशाची?"

"अभ्यासाची."

"नकाशात तर विक्री दालन आहे."

"नकाशात असन, सर. इथं आमी बसतो."

"कशाची तयारी करतेस?"

"वनरक्षक. तुमच्याच खात्यात."

मोठे साहेब त्या तुटक रेषेपाशी, म्हणजे खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. तिथून जंगल खरोखरच चांगलं दिसायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विक्रीचं एक कपाट तिकिटाच्या खिडकीला जोडून द्या, मॅडम. ही खोली आहे तशी राहू द्या." लगेच त्यांनी क्लार्कला ते कागदावर घ्यायला सांगितलं.

गाड्या गेल्यावर मी तिथूनच धारणीकडे फोन लावला. रेंज मिळेना. मी रस्त्यापर्यंत चालत गेले, परत लावला. तिकडे चालण्याचा आवाज येत होता, वाळल्या पानांवर पाय पडत होते. अर्थात, ते चालतच असणार. मी एका दमात सांगून टाकलं की खोली मंजूर झाली, लेखी झाली, विक्री दालन गेलं.

"ते झालं," साहेब म्हणाले. "आले कोठून?"

"कोण, सर?"

"मोठे साहेब. भिंतीतून का दरवाजातून?"

"आधी भिंतीतूनच आले. प्रज्ञाने परत पाठवलं. मग दरवाजातून आले. पाणीही प्यायले."

पलीकडे काही ऐकू येईना. पानांचा आवाजही थांबला होता. फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो करू लागले.

"हाये, मॅडम, हाये," ते म्हणाले. "थांबा. जरासा बसतो."